जागलीवाले काका

काका कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, पण बंद करून पुन्हा चालू करणे त्यांना मान्य नव्हते. सगळी दुनिया तेच करते. मशीन अडली की बटन दाबा, जरा थांबा, पुन्हा दाबा. मी आज जिथे नोकरी करते तिथेही फोनवर पहिला सल्ला हाच दिला जातो. काकांसमोर कोणी बटनाकडे हात नेला, तर ते त्याचे मनगटच धरायचे. "कायले दाबून राहिला गा? ती काही सांगून राहिली ना तुले? आयकून तं घे आधी."

दुसरी खोड बसण्याची. हल्ली मशीनमध्ये नवीन सॉफ्टवेअर भरायला माणूस लागत नाही. कुठूनतरी दुरून पाठवतात, ते आपोआप भरले जाते, मध्येच मशीन स्वतःहून बंद होते, स्वतःहून चालू होते. बाकीचे दुरुस्तीवाले ते लावून देतात आणि चहाला जातात. काका खुर्ची ओढायचे, खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर घ्यायचे आणि पडद्यावरची पट्टी भरत जाताना बघत बसायचे. चहा आला तर तिथेच. कोणी भेटायला आले तर त्याने तिथे यायचे. धान भरात आले की डुकरांच्या भीतीने माणूस मचाणावर जागलीला बसतो, तसे. आंधळगावच्या कोष्ट्यांनी, म्हणजे विणकरांनी, त्यांचे नाव पाडले, जागलीवाले. भंडाऱ्यात त्यांचे छोटे दुकान होते, दुकानावर खऱ्या नावाची पाटी होती. ती कोणी वाचल्याचे मला आठवत नाही.

मी कारध्याची. नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे भंडारा. आठवीनंतर शाळा सुटली, मग लग्न झाले, मग तेही सुटले आणि मी मुलीला घेऊन आईकडे परत आले. भावाची जुनी स्कूटी होती. तिच्यावर पापड आणि जवसाच्या चटणीची पाकिटे घालून मी भंडाऱ्यातल्या दुकानांत द्यायची. काका माझे गिऱ्हाईक. एके दिवशी चटणीचे पाकीट हातात घेऊन ते माझ्या गाडीकडेच बघत राहिले.

"बाई, गाडी बरी चालवतं तू. खड्डा आला तं ब्रेक नाही दाबत, वळसा घेतं. मले आंधळगावले घेऊन जाशील का?"

"तुमची गाडी आहे ना काका?"

"आहे. पन डॉक्टरनं चालवाले मना केली. मी मधेमधे पडतो."

पाऊस येतो, ऊन पडते, असे सांगावे तसे त्यांनी सांगितले. आधी काही होत नाही, चक्कर नाही, दुखणे नाही. उभा माणूस एकाएकी खाली. मग थोड्या वेळाने आपला आपण उठतो. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. गाडी चालवू नका, आणि नागपूरला जाऊन छातीची तपासणी करून घ्या, हे साधे दुखणे दिसत नाही. काकांनी पहिली ऐकली.

घरी येऊन आईला सांगितले की उद्यापासून मी काकांची दुचाकी चालवणार. आई शेतावरून रोवणे, म्हणजे धानाची लावणी करून आली होती. चिखलाचे पाय धूत ती म्हणाली, "गाडी चालवणं सोपं आहे वं. त्याईच्या मांगं ना बायको ना पोर. पडले तवा तू जवळ राह्यजो." माझी नोकरी काय आहे ते मला आईकडून कळले. मी मुळातच भित्री. आरशात रस्ता कमी आणि काका जास्त बघायची.

बाई पुढे आणि बाप्या मागे, हे गावोगाव बघण्यासारखे होते. आंधळगावात शिरलो की मागांची खटखट थांबायची आणि कोणीतरी ओरडायचे, "का गा जागलीवाले, तुमी तं सासरी चालल्यावानी मांगं बसून राहिले!"

काका दुपट्टा डोक्यावर ओढून घ्यायचे. "हो ना बाप्पा! पोरगी नेऊन राहिली, मी जाऊन राहिलो. पोचवून देते का वापस आनते, तिलेच ठाऊक." गल्ली हसायची. मी लाजून गाडी जोरात घ्यायची, मग काका मागून म्हणायचे, "हळू वं, सासर पळून नाही चाललं."

त्याच गल्लीत त्यांची ही बसायची सवय जन्माला आली होती. ते त्यांनी मला एकदाच सांगितले, विणकरांच्या सोसायटीच्या ओट्यावर. सोसायटीच्या कॉम्प्युटरमध्ये कोसा रेशमाच्या साड्यांचे काठ ठेवलेले असायचे, म्हणजे कोणता धागा कुठे उचलायचा त्याचे चित्र. एका दुपारी काकांनी तिथे नवीन सॉफ्टवेअर भरायला लावले. "तवा मीच म्हनत होतो, आपोआप होते, बसाची काही गरज नाही." तेवढ्यात गल्लीच्या टोकाचे एक म्हातारे विणकर वारल्याचे कळले. आंधळगावात गल्लीत मयत झाले की मागाला हात लावत नाहीत. सगळे माग थांबले, सोसायटीचे शटर खाली आले. म्हातारबुवांच्या घरी काकांनी कितीतरी वेळा भात खाल्लेला, तेही खांदा द्यायला गेले. मागे लाईन गेली. बॅटरीने थोडा वेळ धरले आणि मशीन अर्ध्यात पडली.

काका परत आले तेव्हा लाईन आली होती आणि मशीन स्वतःच उठत होती, स्वतःच पडत होती. काकांच्या अंगावरचे मयताच्या आंघोळीचे पाणीही वाळले नव्हते. त्यांच्या आधी पोहोचलेल्या सोसायटीतल्या माणसांनी काळजीपोटी बटन दाबून दाबून तिला आणखी उठवली होती, आणि प्रत्येक उठण्यात आत उरलेले थोडे थोडे पुसत गेले. मग काका बसले. बसून बसून बहुतेक काठ त्यांनी बाहेर काढले. एक निघाला नाही. तो त्या म्हाताऱ्यांचा होता, शेवटी शेवटी केलेला. म्हाताऱ्यांच्या बायकोने काकांपुढे चहा ठेवला.

"मयताले गेलो थे बरोबरच केलं, बाई," काका म्हणाले. "पन एक जन मांगं ठेवाले पाह्यजे होता. मयताजवळ आपन एक जन ठेवतोच ना? उठून जात नाही ना कोनी? मंग जित्याजवळ काहून नाही?"

हे मला तेव्हा कॉम्प्युटरबद्दलच वाटले.

माझ्या नवऱ्याने दुसरे लग्न केले ही बातमी मला काकांच्या दुकानात कळली. लाखांदूरकडच्या एका ओळखीच्या बाईचा फोन आला आणि मी पायरीवर बसले ते बसलेच. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या ताई आल्या. मायेच्याच होत्या. "ऊठ वं, ऊठ. असं बसून कसं होईन? पोरगी आहे तुले. तोंड धू, कामाले लाग." त्यांनी माझ्या काखेत हातही घातला.

काका आतून म्हणाले, "ताई, पडली आहे थे. राहू द्या जराशीक. काय झालं थे तिले पुरतं दिसू द्या. आत्ता उठवली तं दारातून बाहेर गेली का पुन्हा पडन."

त्यांनी शटर अर्धे ओढले, म्हणजे रस्त्यावरून मी दिसू नये. स्वतः आत एक उघडा कॉम्प्युटर घेऊन बसले. बोलले नाहीत, विचारले नाही, माझ्याकडे बघितलेही नाही. फक्त उठून गेले नाहीत. संध्याकाळी माझी मी उठले. जगात मला 'ऊठ' म्हणणारी माणसे पुष्कळ भेटली, आणि त्यांचेही काही चुकत नव्हते. 'पडून राहा, मी इथे आहे' असे सांगणारे ते एकटेच.

त्यानंतर त्यांनी मला काम शिकवायला घेतले. मला इंग्रजी येत नव्हते. अक्षरे ओळखायची, शब्द लागायचे नाहीत. मी रडकुंडीला यायची. काका म्हणायचे, "अक्षर दिसते ना? मंग अक्षर वाच. समजनं मांगून येते, त्याची घाई नको करू." मी एकेक अक्षर मोठ्याने म्हणायची, बाराखडी म्हणावी तसे, आणि ते डोळे मिटून ऐकायचे. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याला की-बोर्डला हात लावू द्यायचा नाही, हा दुसरा धडा. तिसरा सगळ्यात अवघड होता. मशीनला पडू द्यायचे.

तो मी लाखांदूरजवळच्या एका राईस मिलमध्ये शिकले. दिवाळीनंतरचे दिवस, धानाची आवक जोरात. मिलच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर होता. ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन त्यात उमटायचे आणि पावती निघायची. कुठल्याशा कंपनीने दुपारी दुरूनच त्यात नवीन सॉफ्टवेअर भरले होते. तेव्हापासून मशीन चालू व्हायची, विंडोजच्या खिडकीचे चित्र यायचे आणि पावती निघायच्या आत काळोख. पुन्हा आपली आपण चालू. आम्ही पोहोचलो तेव्हा ट्रॅक्टरची रांग फाटकाबाहेर गेली होती.

काट्यावरचा कारकून गालात खर्रा धरून म्हणाला, "काका, मी काहीच नाही केलं. मी तं जेवाले गेलो होतो."

"तेच तं केलं," काका म्हणाले आणि खुर्चीत बसले.

खिडकीतून ट्रॅक्टरवाल्यांची डोकी आत आली. "काका, दाबा ना गा बटन! आमचं धान आता इथंच उगवून राहिलं!"

"काका, नारळ आनू का? पूजा मांडली का तुमी मशीनची?"

काकांनी मान वर केली नाही. मशीन पुन्हा उठत असताना त्यांनी एक कळ टक टक दाबत ठेवली, मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी आल्या. त्यातल्या एका ओळीवर त्यांनी माझे बोट ठेवले. बिघाड झाल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणे बंद, असा तिचा अर्थ.

"मशीनले बनवनाऱ्यानं शिकवून ठेवलं आहे, पडली का लगेच ऊठ. कोनाले दिसलं नाही पाह्यजे. त्याच्यानं काय होते, थे पडते काहून हेच समजत नाही. आता थे शिकवनं आपन काढून घेतलं. आता पडन तं पडून राहीन. दाब."

मी दाबले. मशीन उठली, चालली आणि पडली. यावेळी काळोख झाला नाही. निळा पडदा तसाच राहिला, पांढऱ्या अक्षरांचा. बाहेर कोणीतरी म्हणाले, "घ्या, आता तं पुरीच मेली!"

"वाच," काका म्हणाले.

मी अक्षरे वाचू लागले. शेवटी एका फाईलचे नाव होते, त्याची पहिली अक्षरे मी दोनदा म्हटली. कारकुनाने खर्रा थुंकला आणि म्हणाला, "अहो, हे तं आमच्या जुन्या पावतीच्या प्रिंटरवर लिहून आहे! हे पाहा ना!" प्रिंटर केव्हाच बदलला होता, जुना कोपऱ्यात पोत्याखाली पडला होता. पण त्याचा प्रोग्राम मशीनच्या आत तसाच राहिलेला, आणि नवीन सॉफ्टवेअरची त्याच्याशी गाठ पडली की मशीन कोसळत होती. काकांनी तो जुना प्रोग्राम काढला. मग नवीन सॉफ्टवेअर पहिल्यापासून भरायला लावले आणि रांग शिव्या देत असताना पट्टी पूर्ण होईपर्यंत दुपट्टा मांडीवर घेऊन बसून राहिले. पहिली पावती निघाली तेव्हा बाहेर शिट्ट्या वाजल्या.

काका हसत खुर्चीतून उठले आणि खाली पडले.

मी इतके दिवस आरशात ज्याची वाट बघत होते, ते पहिल्यांदा डोळ्यांसमोर झाले. आवाजही फारसा झाला नाही. मला वाटले होते की मी धावेन, मी जागीच थिजले. ट्रॅक्टरवाले धावले. चांगली माणसे, मघा चेष्टा करणारी तीच. दोघांनी काखेत हात घालून उचलले, एकाने तोंडावर पाणी मारले, कारकून बारदान्याने वारा घालू लागला. काकांनी डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिले आणि लगेच पायांवर उभे राहिले.

"काही नाही. चालू झालो."

"काका रिस्टार्ट झाले गा!" कोणीतरी ओरडले. सगळे हसले. काकाही हसले. ट्रॅक्टर काट्यावर चढू लागले.

परतताना मी एका तलावाच्या पाळीवर गाडी थांबवली. काका उतरून पाळीवर बसले. मी म्हणाले, "काका, मशीनले तुमी उठवू देत नाही. अन् तुमाले दर बारीले लोकं उठवतात, तुमी उठता. काय लिहून येते थे वाचलं का कोनी?"

"मशीनले फुरसत असते, बाई. मानसाच्या मांगं लाइन असते."

"अन् आत्ता ट्रॅक्टर कोनाच्या मांगं होते?"

ते हसले. मग हसू गेले. तलावात बगळे उभे होते, त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, "मशीनचं वाचतो मी. थे दुसऱ्याचं असते. आपलं वाचाले भेव वाटते."

त्यांना भीती वाटते हे मला नवीन होते. आमच्या दोघांत भित्री मी होते. मी म्हणाले, "मी वाचतो तुमच्यासंगं. अक्षर वाचू. समजनं मांगून येते."

नागपूरला आम्ही दोघे गेलो. डॉक्टरांनी त्यांच्या छातीवर तारा चिकटवल्या आणि एक डबी कमरेला बांधून दिली. एक दिवस ती तशीच ठेवायची, हृदय काय करते ते ती टिपून घेणार. पडलात तर उत्तम, डॉक्टर म्हणाले, म्हणजे कारण सापडेल. काकांच्या लांबच्या बहिणीकडे उतरलो होतो. काकांनी त्या दिवशी पडण्यासाठी काय काय केले! जिने चढले-उतरले, जेवण टाळले, उन्हात उभे राहिले. बहीण घाबरून देवाला हात जोडत होती की पडू नये, मी हात जोडत होते की पडावे. पडले नाहीत. डबीत सगळे ठीक निघाले.

"दुरुस्तीवाला येऊन बसला का मशीन शहान्यासारखी चालते," काका बसस्टँडवर म्हणाले. "हे मले ठाऊक नव्हतं का?"

डॉक्टरांनी पुढचा उपाय सांगितला होता. कातडीखाली एक छोटी वस्तू बसवायची, ती महिनोन् महिने टिपत राहते. कधी ना कधी पडाल तेव्हा तिला सापडेल. त्यासाठी पुन्हा यायचे होते. काका म्हणाले, "धानाचा सीझन होऊ दे. काटे बंद पडले तं लोकं कोनाकडं जातीन?"

त्याच सुमारास बंगळुरूच्या नोकरीचे निघाले. काकांच्या ओळखीचा एक माणूस तिथे एका कंपनीत होता. औषधांच्या दुकानांच्या कॉम्प्युटरमध्ये ती कंपनी दुरून सॉफ्टवेअर भरते. महाराष्ट्रातल्या दुकानदारांशी मराठीत बोलणारे, मशीनची थोडी माहिती असलेले माणूस त्यांना हवे होते. त्यांनी शाळेचे कागद मागितले नाहीत. फोनवर एक बिघाड सांगितला आणि काय करशील ते विचारले. मी म्हणाले, आधी आपोआप सुरू होणे बंद करीन. मला घेतले.

मी जाणार नव्हते. काका चिडले. मी त्यांना चिडलेले तेवढेच पाहिले.

"माझी जागल कराले थांबू नको तू. मी का धान आहो?"

"मंग कोन करन?"

"मी पाहीन कोनी. पोरीचं पाह्य तू आपल्या."

मी अटी घातल्या. नागपूरची तारीख घ्यायची, आणि एकट्याने कुठे जायचे नाही. त्यांनी दोन्हीला मान हलवली. मुलगी आईजवळ ठेवून मी निघाले. काका वरठीच्या स्टेशनवर आले होते. गाडी हलली तरी त्यांचे सांगणे संपले नव्हते. खिडकीबरोबर चालत ते म्हणाले, "तिथं म्हनतीन, सगळं आपोआप होते. होऊ दे. तू बसून राह्यजो." मला भीती एकच होती, की चालता चालता ते फलाटावर पडतील आणि मी गाडीत असेन.

इथे खरोखरच सगळे आपोआप होते. एका कळीवर कितीतरी दुकानांच्या मशीन बंद होतात, चालू होतात, आणि दुकानदार तेव्हा घरी जेवत असतो. मी मात्र प्रत्येक नवीन सॉफ्टवेअर आधी आमच्या टेबलावरच्या चाचणीच्या मशीनमध्ये भरते, तिची आपोआप उठण्याची खूण काढते आणि समोर बसते. बाजूच्या टेबलावरची मुलगी मला 'चौकीदार दीदी' म्हणते. त्यामुळे दोनदा तरी मोठा घोटाळा दुकानांपर्यंत गेला नाही, म्हणून साहेब काही बोलत नाहीत.

दर रविवारी मी काकांना फोन करायची.

"पडले का काका?"

"नाही वं." नाहीतर, "जराशीक."

"कोन होतं जवळ?"

"होते ना. लोकं काय कमी आहेत का?"

"तारीख घेतली?"

"घेतली ना बाप्पा. तू पोरीले फोन लाव, माझ्यावर कायले पैसे जाळतं."

तारीख खरेच घेतली होती. ते मला मागून कळले, ती तारीख अजून यायची होती.

एका दुपारी काकांच्याच नंबरवरून फोन आला आणि आवाज दुसऱ्याचा. "मी एस.टी.चा कंडक्टर बोलून राहिलो, भंडारा स्टँडवरून. ह्या फोनमधे तुमचा नंबर वरतं होता म्हनून लावला. तुमी घरच्या का?"

"हो," मी म्हणाले.

काका लाखांदूरला एकटेच गेले होते, कोणाचा तरी काटा अडला होता. परतताना लाखांदूरच्या स्टँडवर पडले. लोकांनी लगेच उचलले. पाणी पाजले, गूळ दिला. काका म्हणाले, काही नाही, चालू झालो. लोकांनी हात धरून गाडीत चढवले, खिडकीची जागा दिली, पिशवी मांडीवर ठेवली. सगळे मायेनेच केले. कोणी त्यांना पडून राहू दिले असते, कोणी दवाखान्याची गाडी बोलावली असती, तर काय झाले असते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगता आले नाही. भंडारा आले, सगळे उतरले, काका बसूनच होते. कंडक्टर म्हणाला, "मले वाटलं झोपले असतीन. मी दोन बाऱ्या म्हनलं, काका, उठा, भंडारा आलं."

एवढ्या रस्त्यात त्यांच्या शेजारी कोण बसले होते, ते मी विचारले नाही. काकांची एस.टी. कारध्यावरूनच गेली असणार. आमच्या घराजवळून.

मी आईला फोन केला. ती म्हणाली, "ठेव, मी निंगतो," आणि मुलीला घेऊन पूल ओलांडून गेली. अग्नी द्यायला काकांचा पुतण्या रायपूरहून यायचा होता. तोपर्यंत दवाखान्यात आणि मग दुकानामागच्या त्यांच्या खोलीत आई त्यांच्याजवळ बसून राहिली. बांगड्यावाल्या ताई तिला म्हणाल्या, जराशीक घरी जाऊन या, पोरगी भुकेजली असन. आई म्हणाली, "नाही. माझ्या पोरीची जागा आहे हे." मुलगी तिथेच ताईंच्या डब्यातला भात जेवली. आंधळगावची माणसे आली. गल्लीतले माग थांबवून आली.

मी निघाले असते तरी पोहोचले नसते. दुसरा दिवस उजाडला, मी कामावर गेले. चाचणीच्या मशीनमध्ये त्या दिवशी नवीन सॉफ्टवेअर भरायचे होते. ते लावले आणि समोर बसले. थोड्या वेळाने मला दिसेनासे झाले, तेव्हा बाजूची मुलगी उठून आली. तिला काहीच ठाऊक नव्हते, तरी तिने माझ्या काखेत हात घातला. "दीदी, उठो. चलो, मुँह धो लो. पानी पी लो."

"बैठने दे थोड़ा," मी म्हणाले.

ती उभी राहिली. मग काय वाटले तिला कोण जाणे, आपली खुर्ची ओढून माझ्याजवळ आणली आणि बसली. आम्ही दोघी पट्टी भरत जाताना बघत राहिलो.

आईचा फोन आला. मागे माणसांचे आवाज होते आणि माझी मुलगी काहीतरी विचारत होती. आई म्हणाली, "नेलं वं. आत्ताच नेलं. मी उठली आता."

पडद्यावर पट्टी पूर्ण झाली होती. मशीनने नेहमीचे विचारले, आता पुन्हा सुरू करू की नंतर?

मी 'नंतर' दाबले.